नेरळ ते माथेरान, मार्गे तुळशीवृंदावन

घरामागच्या बागेत आगगाडी चालवावी अशी इच्छा माणसाला आयुष्यात दोनदा होते. पहिल्या खेपेला पैसे नसतात, दुसऱ्या खेपेला गुडघे. ही मार्गदर्शिका दुसऱ्या खेपेच्या मंडळींसाठी आहे. पहिल्या खेपेतल्या वाचकांनी ती वडिलांच्या नजरेला पडेल अशी चहाच्या कपाशेजारी ठेवावी आणि एक दाखला तोंडपाठ करावा : नेरळ–माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली ती अब्दुल हुसेन पीरभॉय यांच्या ध्यासामुळे, आणि त्या ध्यासाला पैसा पुरवला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. मुलाला गाडी हवी म्हणून बापानं डोंगर फोडू दिला. आपल्याला फक्त परसदार हवंय, हे वाक्य शेवटी सावकाश उच्चारावं.

आपणही तीच गाडी करणार आहोत. परदेशी गाड्यांचे संच तयार मिळतात, हे खरं. पण कोथिंबिरीच्या वाफ्यातून स्वित्झर्लंडची लाल गाडी जाताना पाहून कुणाचंच समाधान होत नाही, कोथिंबीर खुडायला आलेल्या माणसाचं तर नाहीच.

आधी एक जुनी सवय सोडायची

मराठी माणसाला हा छंद शिकवावा लागत नाही, असा एक गोड समज आहे. दिवाळीत अंगणात किल्ला सगळ्यांनीच केलेला असतो. दगड रचायचे, चिखलात बुडवलेलं गोणपाट वर टाकायचं, अळीव पेरायचे, चार दिवसांत हिरवळ उगवते आणि पाचव्या दिवशी ती महाराजांच्या कमरेपर्यंत येते. हात मातीत घालायची तयारी आणि पाणी कुठे मुरेल याचा अंदाज, हे भांडवल त्यातून मिळालेलं असतंच. ते जपून ठेवा.

बाकीचं विसरा. किल्ल्यावर ज्याचा मान मोठा त्याची मूर्ती मोठी. महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि ते बाहेर कसे येणार हा प्रश्न कुणी विचारत नाही. पायथ्याशी प्लॅस्टिकचा वाघ असतो, त्याच्या शेजारी त्याच्याच उंचीची गवळण. रेल्वेत मान चालत नाही, मिलिमीटर चालतात. स्टेशनमास्तर कितीही कर्तव्यदक्ष असला तरी त्याला तिकीटखिडकीतून वाकून बघता आलं पाहिजे.

माप

बागेतल्या मोठ्या गाड्यांचा पंथ घरोघरी नेला तो जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान या खेळणी करणाऱ्या कंपनीनं. १९६८ साली त्यांनी ‘लेमान ग्रोस बान’, म्हणजे एलजीबी, बाजारात आणली. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, माप १:२२.५. मीटरगेजच्या हजार मिलिमीटरना २२.५ नं भागा, ४४ आणि वर थोडं येतं. इथपर्यंत सगळं सरळ आहे. मग इतरांनी त्याच ४५ मिलिमीटरच्या रुळांवर १:२०.३, १:२४, १:२९, १:३२ अशा वेगवेगळ्या मापांच्या गाड्या आणून सोडल्या. चाकं सगळ्यांची बसतात. म्हणून नवशिक्या आनंदानं एक इंजिन इथून, दोन डबे तिथून आणतो, आणि घरी आल्यावर त्याच्या लक्षात येतं की ड्रायव्हरला पुढच्या डब्याचं छत दिसत नाही आणि मागच्या डब्यातल्या प्रवाशाला बसायला वाकावं लागतंय.

आपल्या ब्रॉडगेजनं तर यावर कडी केली आहे. १,६७६ मिलिमीटरची ती रुंदी ४५ मिलिमीटरच्या रुळांवर बसवायची तर माप साधारण १:३७ येतं, आणि त्या मापात सुटा कंदीलसुद्धा विकत मिळणं कठीण. डेक्कन क्वीनचा मोह म्हणून आवरावा. ज्यांना आवरत नाही त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघावं. तिथे १:८७ च्या मापात अख्खं शहर धावतं, सिग्नल आपापलं काम करतात, आणि मुख्य म्हणजे वर छप्पर आहे. छप्पर ही काय चीज आहे ते पुढे कळेल.

माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरची. अशा गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या छांदिष्टांनी एक माप काढलं आहे : खऱ्या एका फुटाला १६ मिलिमीटर. हिशेब अर्धा फुटांत आणि अर्धा मेट्रिकमध्ये का, हे त्यांना विचारू नये, ते सांगत बसतात. आपल्याला कामाचं एवढंच की दोन फुटांचे ३२ मिलिमीटर होतात आणि माप येतं १:१९.

आता वही काढा. नेरळ ते माथेरान सुमारे २१ किलोमीटर. भागिले १९. अकराशे मीटर रूळ. चढ सातशे मीटरहून अधिक. म्हणजे परसात छत्तीस-सदतीस मीटर उंच, बारा मजली डोंगर. वही मिटा. इथे बरेच जण तिकिटं जमवण्याच्या छंदाकडे वळतात.

जे उरले त्यांच्यासाठी या कलेचं पहिलं सूत्र : सगळं लहान करायचं नसतं, बरंचसं सोडून द्यायचं असतं. नेरळ सोडा. जुम्मापट्टी सोडा. अमन लॉजही सोडा, तिथे घोडेवाले करावे लागतील. एक वॉटर पाइप स्टेशन ठेवा, एक बोगदा ठेवा, एक अवघड वळण ठेवा आणि मधल्या डोंगराचं काम एका घनदाट झुडपावर सोपवा. गाडी झुडपामागे गेली की बघणारा उरलेला घाट मनानं पुरा करतो. त्याला तसं करू द्यावं. मध्येच माहिती सांगू नये.

जागेचा करार

परसात आधीपासून राहणाऱ्यांची यादी करावी : तुळशीवृंदावन, कपडे वाळत घालायच्या तारा, नारळ, सेप्टिक टँकचं झाकण, आणि आई. यांतलं एकही हलत नाही.

“अरे, हे रूळ तुळशीभोवती का नेतोयस?”

“आई, गोल तिथेच बसतोय.”

“म्हणजे गाडी तुळशीला प्रदक्षिणा घालणार?”

“हो.”

“मग उजवी घालायला सांग.”

एवढ्यावर परवानगी मिळते. या अटीचा तांत्रिक फायदा नवशिक्याच्या लक्षात येत नाही. गाडी कायम एकाच दिशेनं फिरणार असेल तर इंजिन उलट्या टोकाला जोडणं, त्यासाठी सांधे, त्या सांध्यांसाठी तारा, हा सगळा खर्च वाचतो. उलटी गाडी आणायचीच असेल तर ती आई दुपारी आडवी झाल्यावर आणावी.

वळणाची त्रिज्या जेवढी मोठी घेता येईल तेवढी घ्या. एलजीबीचं सगळ्यांत लहान वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येचं असतं. बारा तुकडे जोडले की गोल पुरा होतो आणि गाडी स्वतःच्याच शेपटीमागे धावते आहे असं दिसतं. त्याच्या दुप्पट त्रिज्या घेतली तर तुळस सुखरूप मध्ये राहते. खऱ्या माथेरानच्या वाटेवर वळणं इतकी अवघड आहेत की त्या गाडीसाठी ऑरेन्स्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्यानं केलेल्या वाफेच्या इंजिनांना खास आस बसवले होते. वळणावर कडेची चाकं बाजूला सरकायची. तुमच्या इंजिनाचे आस सरकत नाहीत. ते सरळ जातात आणि अळूच्या पानांत थांबतात.

चढाचंही तेच. घाटात २० मीटरला १ मीटर असा खडा चढ आहे. परसात ५० ला १ पुरे. ३३ ला १ च्या पुढे गेलात तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि पाहुणे सल्ले देऊ लागतात.

पाया

जमिनीवर रूळ टाकणं सोपं आणि स्वस्त आहे. पण गाडी बघायला, पुसायला, पडलेली उचलायला प्रत्येक वेळी जमिनीपर्यंत जावं लागतं, आणि आपण कोणत्या खेपेचे आहोत हे पहिल्याच परिच्छेदात ठरलं आहे. त्यामुळे कोकणात राहत असाल तर जांभ्याचे चिरे रचून साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीचा कठडा बांधावा आणि त्यावरून लोहमार्ग न्यावा. माथेरानच्या माथ्यावरही जांभाच आहे, तिथली तांबडी धूळ घरी येऊन आठवडाभर चपलांतून निघत असते, तेव्हा चिऱ्याचा रंग फुकटात बरोबर येतो. देशावरच्यांनी काळा दगड वापरावा आणि वर थोडी तांबडी माती शिंपडून इमान राखावं.

चिरे नसतील तर वीतभर खोल चर खणा, तळाला विटांचे तुकडे, वर मुरूम, तो पाणी मारून धुमसा, मग काँक्रीटचा पातळ थर. पाणी निघून जायला जागोजागी पाइपचा तुकडा घालायला विसरू नका. गवंड्याला हे काम कशाचं आहे ते सांगू नये. “गटार” म्हणावं. आगगाडी म्हटलं की तो मजुरी वाढवतो, शिवाय संध्याकाळी मुलांना घेऊन येतो.

रूळ पितळी असतील तर उन्हानं वाढतात. दहा मीटर पितळ चाळीस अंशांनी तापलं की साडेसात मिलिमीटरनं लांबतं. पहाटेचा रूळ आणि एप्रिलमधल्या दुपारचा रूळ यांत एवढा फरक सहज पडतो. सांध्यांत फट ठेवली नाही तर रूळ आडवा फुगतो आणि सरळ मार्गावर आपण न आखलेलं वळण तयार होतं. खऱ्या रेल्वेचे अभियंतेही याच कारणासाठी उन्हाळ्यात रुळावरून डोळा हलवत नाहीत. गाडी बॅटरीवर किंवा वाफेवर चालणार असेल तर रुळांतून वीज न्यायची नसते, आणि मग लोखंडी पट्ट्या उभ्या करून घरीच रूळ करता येतात. त्या गंजतात. गंजू द्या. फोटोत तोच गंज सगळ्यांत खरा दिसतो.

रुळांखाली खडी लागते. खरी खडी चाळीस-पन्नास मिलिमीटरची, भागिले १९, म्हणजे दोन-अडीच मिलिमीटरची कच. ही बाजारात नेमकी मिळत नाही. खडी केंद्रावरून चुरा आणून चाळावा लागतो. योग्य आकाराच्या भोकांची चाळणी फक्त स्वयंपाकघरात असते. याविषयी अधिक मार्गदर्शन करता येणार नाही.

गाडी आणि तिचा वेग

पहिली गाडी डिझेल घ्यावी, म्हणजे दिसायला डिझेल. पोटात बॅटरी आणि हातात रिमोट. रुळातून वीज नेण्याचा नाद आपल्या हवेत फार काळ टिकत नाही. पावसाळी हवेत पितळ काळवंडतं, आणि मग गाडीपेक्षा रूळ घासणारा माणूसच मार्गावर जास्त वेळ दिसतो.

खऱ्या वाफेची इंजिनं या मापात मिळतात. ब्यूटेन गॅसवर चालतात, शिटी वाजवतात, गरम तेलाचा वास येतो आणि बोटं भाजतात. त्यांत ऊर्ध्वपातित पाणीच घालावं. बोअरचं घातलं तर बॉयलरच्या आत क्षारांचा थर बसतो. छंदाचं खरं सुख वाफेतच आहे असं माझं मत आहे, आणि ते नवशिक्यानं मुळीच ऐकू नये.

वेगाचा हिशेब मात्र सगळ्यांनी करावा. माथेरानची गाडी सरासरी तासाला आठ ते दहा किलोमीटर जाते. १९ नं भागा : सेकंदाला बारा ते पंधरा सेंटिमीटर. ही गती प्रत्यक्षात इतकी संथ असते की बघायला आलेल्या मुलांना गाडी बिघडली आहे असं वाटतं. “काका, फास्ट!” असा आवाज उठतो. बळी पडू नका. माथेरानच्या वाटेवर ‘वन किस टनेल’ नावाचा बोगदा आहे. आत अंधार किती वेळ टिकतो त्यावरून हे नाव पडलं. तो १:१९ मध्ये केला आणि गाडी मापातल्या वेगानं नेली, तर अंधार तेवढाच वेळ टिकतो. लांबी आणि वेग सारख्याच प्रमाणात घटतात, वेळ आहे तसा राहतो. मुलांच्या मागणीप्रमाणे गाडी पळवली तर त्या बोगद्यात नुसती शिंक होते.

वजनाचं गणित आणखी वाईट आहे. लांबी १९ पट कमी झाली की वजन १९ गुणिले १९ गुणिले १९, म्हणजे ६,८५९ पट कमी होतं. वीस टनांचं इंजिन तीन किलोंच्याही आत येतं. घाटातला वारा जो डबा हलवू शकत नाही, तो परसात कबुतर उडालं तरी कलंडतो. डब्यांच्या तळाशी शिशाचे तुकडे चिकटवावेत. कोळी लोकांकडे जाळ्याची वजनं मिळतात, ती उत्तम.

जी मंडळी लहान होत नाहीत

बागेतल्या रेल्वेचे शत्रू कोण, तर ज्यांना माप कळवलेलं नाही असे सगळे. पावसाचा थेंब हा पहिला. तीन मिलिमीटरचा थेंब प्रवाशाच्या दृष्टीनं पावणेसहा सेंटिमीटरचा असतो आणि तो थेट टोपीवर पडतो. आंब्याचं वीतभर पान रुळांवर आलं की पावणेचार मीटरचा अडथळा. डोंगळा उंदराएवढा. मांजर आठ-नऊ मीटर लांब. आणि तिला बोगद्याचं तोंड हे आपल्यासाठीच केलेलं आहे याविषयी शंका नसते. कावळा प्रवासी पळवतो, तेही पहिल्या वर्गातले, कारण त्यांचे कपडे चकाकतात.

यांच्याशी लढू नका. वेळापत्रकात घ्या. खरी माथेरानची गाडीही पावसाळ्यात घाट उतरत-चढत नाही. नेरळ ते अमन लॉज हा भाग जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंद असतो आणि वरच्या वर शटल चालते. संपूर्ण प्रकल्पात हुबेहूब उतरवता येईल अशी, आणि तीही विनाखर्च, ही एकच गोष्ट आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की वृंदावनाजवळ फलक लावावा, गाड्या पुसून कपाटात ठेवाव्यात, आणि फारच चुटपुट लागली तर दिवाणखान्यात सोफा ते टीव्ही अशी शटल सुरू करावी. २६ जुलै २००५ च्या पावसानं खऱ्या मार्गाची एवढी दैना केली की तो पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. तेव्हा तुमच्याकडे एखाद्या जुलैत मुरूम वाहून गेला तर तो अपघात न धरता तपशील धरावा.

झाडांच्या बाबतीत उलट आहे. तिथे माप आपल्या बाजूनं आहे, फक्त बाजारातली झाडं विसरून घरातली बघावी लागतात. पंधरा मीटरचं झाड १:१९ मध्ये एकोणऐंशी सेंटिमीटरचं. नीट वाढलेली तुळस बरोबर तेवढीच होते; पानं बारीक, खोड खाली लाकडी, आणि दुरून जुन्या जंगली झाडाचा डेरा दिसतो. माथेरानच्या रानातली अंजनीही अशीच दाट आणि काळपट हिरवी. खाली दूर्वा, ओलाव्याला ब्राह्मी, कड्यावर ऑफिस-टाइम. गुलाब लावू नये. वॉटर पाइप स्टेशनच्या मागे दीड-पावणेदोन मीटर व्यासाचं लाल फूल उमललं की प्रवासी घाबरतात.

प्रवासी कुठून आणायचे? साडेपाच फुटांचा माणूस या मापात ८८ मिलिमीटरचा. दिवाळीनंतर माळ्यावर गेलेले छोटे मातीचे मावळे उंचीला चपखल बसतात. ढाल-तलवार काढायची, पागोट्याची टोपी करायची, अंगरख्याला शर्टाचा रंग द्यायचा. दोन डब्यांच्या मध्ये हाताचा ब्रेक धरून बसणारे ब्रेकमन ही या गाडीची खास खूण आहे. त्या जागी ज्याचा चेहरा सगळ्यांत करारी असेल तो मावळा नेमावा. सवय असते.

फोटो

आता खरं काम. बागेतली रेल्वे पाहायला फार तर शेजारी येतात. बाकी जगासाठी ती फोटोतच असते. आणि डोळा जे जे माफ करतो ते कॅमेरा वहीत लिहून ठेवतो.

नवशिक्याचा पहिला फोटो उभ्यानं, वरून खाली घेतलेला असतो. त्यात एक तुळस, एक खेळणं आणि फोटो काढणाऱ्याच्या पायाचा अंगठा दिसतो. तो अंगठा १:१ असतो. माथेरानला गेलेला माणूस फलाटावर उभा राहून फोटो काढतो, हेलिकॉप्टरमधून नाही. त्याचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. तुमचं भिंग म्हणून फलाटापासून आठ सेंटिमीटरवर हवं. मोबाइल असेल तर तो उलटा धरा, म्हणजे वरच्या कोपऱ्यातला कॅमेरा खाली येतो. आणि कठडा साठ-सत्तर सेंटिमीटर उंच का बांधायला सांगितला होता ते इथे लक्षात येईल. ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही त्यांनी चटई आणावी, पालथं पडावं, आणि उठवायला कुणीतरी घरात आहे याची आधी खात्री करावी.

अंतरही मापातच ठेवायचं. खरी गाडी वीस मीटरवरून छान दिसते, म्हणून कॅमेरा एक मीटर पाच सेंटिमीटरवर. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. एवढ्या जवळून फोटो घेतला की इंजिनाचं नाक स्पष्ट येतं आणि तिसरा डबा धूसर होतो. खऱ्या गाडीच्या फोटोत असं होत नाही. वीस मीटरवरून इंजिन, डबे, मागचा कडा सगळं कसं लख्ख. डोळ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्याला कळतं. म्हणून तर खऱ्या शहराचा फोटो घेऊन त्याच्या कडा मुद्दाम पुसट केल्या की ते शहर खेळण्यातलं वाटतं. धूसरपणा हा आपला फितूर आहे. मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड तर शत्रूचाच माणूस. तो बंद करा.

उपाय तीन. पहिला, अ‍ॅपर्चर लहान करा : एफ १६, एफ २२. त्यापुढे जाऊ नका, कारण भोक फार बारीक झालं की प्रकाश कडांवर वाकतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. दुसरा, महागड्या कॅमेऱ्याऐवजी साधा मोबाइल वापरा. सेन्सर लहान असल्यामुळे त्यात पुढचं-मागचं बरंच स्पष्ट येतं. ज्यांनी या छंदासाठी महागडा कॅमेरा घेतला आहे त्यांनी हे वाक्य घरात मोठ्यानं वाचू नये. तिसरा उपाय थोर आहे. कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर घट्ट बसवायचा, फोकस थोडा थोडा मागे सरकवत दहा-बारा फोटो घ्यायचे, आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एकच चित्र करायचं. इंजिनापासून डोंगरापर्यंत सगळं धारदार. अट एवढीच की त्या वेळात काहीही हलता कामा नये. पान हललं तर त्याला दोन कडा येतात. आणि रुळावरून एक डोंगळा चालत गेला, तर अंतिम चित्रात डोंगळ्यांची आषाढी वारी दिसते.

मग पार्श्वभूमी. आठ सेंटिमीटरवरून कॅमेरा वर बघतो, आणि वर शेजारच्यांची गॅलरी असते.

“काका, तो टॉवेल जरा आत घेता का? फोटो काढतोय.”

“कशाचा?”

“माथेरानचा.”

“माथेरानला माझा टॉवेल कशाला दिसेल?”

प्रश्न रास्त आहे. पण दिसतो, आणि दीड मीटरचा टॉवेल त्या दृश्यात अठ्ठावीस मीटरचा होतो. टॉवेलावर अवलंबून राहू नये. कठड्यामागे कामिनीचं दाट कुंपण लावावं, किंवा चिऱ्यांचा एक उभा कडा रचून आकाशाला मधली चिंचोळी जागा ठेवावी.

उजेड सकाळचा घ्या, सात ते आठ. दुपारच्या उन्हात प्लॅस्टिक प्लॅस्टिकसारखं दिसतं. फ्लॅश कधीही नाही. माथेरानच्या डोंगरावर एका बाजूनं कुणी वीज पाडत नसतं. वाफेचं इंजिन असेल तर डिसेंबर-जानेवारीतली पहाट गाठावी. थंडीत वाफ पांढरी फुटते. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तीच वाफ हवेत दिसेनाशी होते आणि इंजिन नुसतं शिंकतंय असं वाटतं. धुकं हवं असेल तर दोन पर्याय : खऱ्या धुक्याची वाट बघणं, किंवा तिन्हीसांजेला आईचं धूपाटणं तुळशीपाशी येतं ती वेळ साधणं. ऊद हळूहळू रेंगाळतो, दरीत धुकं रेंगाळतं तसाच. कॅमेरा आधीच लावून ठेवावा. “आई, जरा परत एकदा फिरव” असं म्हणणाऱ्याचं काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

व्हिडिओ घेणाऱ्यांना एक गुपित. छोटी गाडी रुळाच्या सांध्यावर टुणकन उडते, मोठी जडपणे डुलते. वस्तू लहान झाली की तिचं डुलणं मापाच्या वर्गमुळाच्या पटीत जलद होतं. १९ चं वर्गमूळ साधारण ४.४. तेव्हा मोबाइलवर चौपट संथ गतीचा व्हिडिओ घ्या, म्हणजे तीन किलोंचं इंजिन एकदम वीस टनांचं दिसू लागतं. चित्रपटांत बुडणारी छोटी जहाजंही याच युक्तीनं मोठी दिसत. आता एक बारीक अडचण. चौपट संथ केलं की गाडीही चौपट हळू दिसते, म्हणून चित्रीकरणापुरती ती सेकंदाला साठ सेंटिमीटरच्या आसपास पळवावी लागते. मघाशी “काका, फास्ट!” म्हणणाऱ्या मुलांना या वेळी बोलवावं. एकाला वळणाच्या बाहेर झेल घ्यायला उभं करावं.

सगळं जमलं की फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा. खाली काही लिहायचं नाही. “मी बनवलं” तर नाहीच. उत्तरांवरून आपली पायरी ठरवावी. “छान खेळणं!” आलं तर कॅमेरा अजून उंच आहे. “ही कुठली गाडी?” म्हणजे डोंगर कमी पडतोय. दोन अंगठे आणि एक फूल आलं तर ते कुणी पाहिलेलंच नाही. आणि मावशीचा थेट फोन आला, “अरे, माथेरानला जाऊन आलात आणि आम्हाला साधं कळवलंसुद्धा नाहीत? मीही आले असते की!”, तर काम फत्ते झालं असं समजावं.

यापुढे मावशी चिक्की मागते. खरं सांगून टाकण्याची ऊर्मी इथे दाबावी. एवढ्या मेहनतीनं उभं केलेलं माथेरान एका फोनवर पाडू नये. सकाळची नेरळची गाडी पकडावी आणि पाव किलो शेंगदाण्याची, पाव किलो तिळाची आणावी. तिथवर जाणं झालंच आहे तर वॉटर पाइप स्टेशनच्या छपराचं मापही घेऊन ठेवावं. बागेतलं थोडं चुकलंय.